सधन राज्यातील दारिद्र्य : मोजायचे कोणत्या मापाने?

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. ती पोकळ बढाई नव्हती. १८५३ साली निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या हाती गेला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेत पोचेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतील कापसाला सोन्याचे मोल आले. आगगाडी आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, अमरावती आणि अकोला या कापसाच्या नामांकित पेठा झाल्या. सरकारी दप्तरात वऱ्हाडची ख्याती सुपीक आणि सधन प्रांत अशीच होती.

आता दुसरा आकडा पाहा. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ साली ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट जवळजवळ दीड लाखाची घट! मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ येऊन गेले होते. पेठा होत्या, आगगाडी होती, बाहेरून धान्य आणण्याची सोय होती. परंतु ज्याचे पोट निंदणीच्या आणि वेचणीच्या मजुरीवर, त्याला पीक बुडाल्यावर मजुरी कोण देणार? आणि मजुरी नाही तर विकत धान्य कशाचे घेणार? प्रांत सधन होता आणि त्याच प्रांतात माणसे अन्नावाचून मरत होती. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी होती.

आज आपण ज्या राज्यात राहतो त्या महाराष्ट्राविषयीही असेच म्हणावे लागते. राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या दृष्टीने महाराष्ट्र देशात पहिला. पण मुंबई, ठाणे, पुणे यांचे दरडोई उत्पन्न एका टोकाला, तर पश्चिम विदर्भातील आपले जिल्हे राज्याच्या सरासरीच्या खाली. तेव्हा सधन राज्यात गरीब कोणाला म्हणावे, आणि तो गरीब आहे हे कशावरून ठरवावे, हा प्रश्न पंडितांच्या वादापुरता नाही. त्याच्या उत्तरावर कोणाच्या घरी धान्य जाते, कोणाचे कर्ज माफ होते आणि कोणाचे होत नाही, हे अवलंबून असते. म्हणून या मापांची ओळख करून घेणे आपणां नागरिकांचे काम आहे.

भाकरीचे माप

पहिले माप पोटाचे. माणसाला जगण्यास किती अन्न लागते, त्याला किती पैसा पडतो, तेवढाही ज्याच्याजवळ नाही तो गरीब. हे माप समजण्यास सोपे आणि म्हणूनच सर्वांत जुने.

आपल्या देशात ते प्रथम वापरले दादाभाई नौरोजी यांनी. १८७६ च्या सुमारास त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचले. त्यांत त्यांनी हिशेब मांडला, की येथील माणसाचे वार्षिक उत्पन्न डोईमागे सुमारे २० रुपये भरते आणि निव्वळ जगण्याचा खर्च प्रांताप्रांतांनुसार १६ ते ३५ रुपये येतो. या हिशेबासाठी त्यांनी तुरुंगातील कैद्यांना व परदेशी जाणाऱ्या मजुरांना सरकार जो शिधा देई, त्याचा आधार घेतला. युक्तिवाद बिनतोड होता. सरकार कैद्याला जेवढे देते तेवढेही स्वतंत्र रयतेला मिळत नाही, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध केले.

इंग्लंडात हेच काम सीबोम राउंट्री यांनी केले. चॉकलेटचा कारखाना असलेल्या घरातील हा गृहस्थ. १८९९ साली त्यांनी यॉर्क शहरातील मजुरांच्या घरोघरी पाहणी केली. तिचा ग्रंथ १९०१ साली निघाला. त्या काळी जगातील सर्वांत श्रीमंत समजल्या जाणाऱ्या देशातील एका गावात शंभरांपैकी जवळजवळ अठ्ठावीस माणसे दारिद्र्यात आहेत, असे त्यांना आढळले. राउंट्री यांचे माप फार कडक होते. त्यात वर्तमानपत्राला पैसा नव्हता, घरी पत्र धाडण्यास तिकीट नव्हते, मुलाला खेळणे नव्हते, ट्रामचे भाडे नव्हते. त्यांना दाखवायचे होते ते हे, की इतके काटेकोर माप लावूनही एवढी माणसे खाली राहतात. परंतु १९३६ साली त्यांनी दुसरी पाहणी केली, तेव्हा त्यांनीच आपल्या मापात वर्तमानपत्र आणि रेडिओ घातला. सदतीस वर्षांत माणूस बदलला नव्हता, पण समाज बदलला होता. हा मुद्दा ध्यानात ठेवावा; पुढे तो लागणार आहे.

स्वातंत्र्यानंतर १९६२ साली नियोजन आयोगाच्या पुढाकाराने एक कार्यगट बसला. धनंजयराव गाडगीळ, अण्णासाहेब सहस्रबुद्धे यांच्यासारखी मंडळी त्यात होती. १९६०-६१ च्या किमतींनी डोईमागे महिना २० रुपये हा किमान खर्च या गटाने ठरवला. त्याबरोबर एक अट होती, ती मात्र आपण पुढे विसरलो. या २० रुपयांत औषधपाण्याचा आणि शिक्षणाचा खर्च धरलेला नव्हता. ती जबाबदारी राज्यसंस्था उचलील असे गृहीत धरले होते.

नंतर १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या पुण्याच्या दोन अर्थशास्त्रज्ञांचा ग्रंथ आला. दररोज डोईमागे सरासरी २२५० उष्मांक देणारा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर मिळतो, ती दारिद्र्याची रेषा, असे त्यांनी धरले. १९६०-६१ च्या किमतींनी ती खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये आली. या मापाने त्या वर्षी ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के लोक रेषेखाली होते. 'दारिद्र्यरेषा' हा शब्द लोकांच्या तोंडी रुळण्यात या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. १९७९ साली वाय. के. अलघ यांच्या अध्यक्षतेखालील गटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० उष्मांक हे प्रमाण ठरवले.

यावर दुसरे एक मराठी पंडित, संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी जोरदार आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे, की २२५० ही सरासरी आहे. एकाच माणसाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते आणि शरीर काही मर्यादेत स्वतःला सांभाळून घेते. सरासरीच्या खाली जो खातो तो प्रत्येक जण उपाशी, असे म्हटले तर धडधाकट माणसेही उपाशांत मोजली जातील. दांडेकरांचे उत्तर असे, की आपण मोजतो ते एकट्यादुकट्याचे कुपोषण नव्हे, तर राहणीमानाची पातळी मोजतो. अमुक पातळीवरील कुटुंबांना सरासरी पुरेसे अन्नही परवडत नाही, एवढेच ती रेषा सांगते. या वादातून आपण घ्यायचे ते हे : भूक मोजणे आणि गरिबी मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींच्या शेजारी राहतात, पण एक नव्हेत.

रेषा कशासाठी आखली, हे विसरल्यावर

२००९ साली सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकांची गाठ सोडली आणि खर्चावर आधारलेली नवी रेषा आखली. शिक्षण व औषधपाण्यावर कुटुंबे करतात तो खर्चही या समितीने हिशेबात घेतला. २०११-१२ साली ही रेषा महाराष्ट्रात ग्रामीण भागासाठी डोईमागे महिना ९६७ रुपये आणि शहरासाठी ११२६ रुपये होती. तिच्या खाली राज्यातील १७.३५ टक्के लोक होते, खेड्यांत २४.२२ टक्के, शहरांत ९.१२ टक्के.

सप्टेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र सादर झाले, त्यात याच मापाने शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये असे आकडे आले, तेव्हा देशभर संतापाची लाट उसळली. बत्तीस रुपयांत माणूस जगून दाखवा, असे आव्हान लोकांनी दिले. संताप योग्य होता. पण त्याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. सबंध देशात गरिबी वाढते की घटते हे वर्षानुवर्षे एकाच गजाने पाहण्यासाठी रेषा उपयोगी पडते. गज लहान असला तरी तोच गज दरवेळी वापरला तर वाढ-घट कळते. पण तोच गज घेऊन कोणा एकाच्या दारात उभे राहिले आणि 'तू रेषेच्या वर, तुला धान्य नाही' असे सांगितले, की अन्याय होतो. कापड मोजायच्या गजाने ज्वारी मोजण्यातला हा प्रकार आहे.

पुढे २०१४ साली रंगराजन समितीने रेषा वर नेऊन खेड्यात दिवसाला ३२ आणि शहरात ४७ रुपये धरले, तर देशातील गरिबांचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवरून एकदम २९.५ टक्क्यांवर गेले. एका रात्रीत कोणी गरीब झाला नव्हता. गज बदलला होता, एवढेच.

चारचौघांत वावरण्याचे माप

दुसरे माप समाजाचे. त्याचे मूळ अ‍ॅडम स्मिथ यांच्या १७७६ सालच्या ग्रंथात सापडते. स्मिथ म्हणतात त्याचा आशय असा : लिननचा सदरा ही काही जगण्याची गरज नव्हे, पुरातन ग्रीक व रोमन लोक त्यावाचून सुखाने राहत. पण आजच्या समाजात साध्या मजुरालाही सदऱ्यावाचून चारचौघांत जाण्याची लाज वाटेल. ज्याच्यावाचून माणसाला खाली मान घालावी लागते, ती त्या समाजातील गरजेची वस्तू.

हाच धागा पकडून पीटर टाउनसेंड यांनी १९७९ साली इंग्लंडमधील दारिद्र्यावर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या समाजात सर्वसाधारणपणे जे खाणेपिणे, जे कपडे, जे सण आणि जी देवघेव चालते, तीत भाग घेण्याचे ज्याला साधत नाही तो गरीब, असे त्यांनी सांगितले. युरोपातील देशांत आज असेच माप चालते. सर्व लोकांना उत्पन्नाच्या क्रमाने उभे करावे, बरोबर मध्यावरच्या माणसाचे उत्पन्न पाहावे, आणि त्याच्या ६० टक्क्यांहून ज्याचे उत्पन्न कमी, तो दारिद्र्याच्या धोक्यात आहे असे धरावे.

अमेरिकेने मात्र पोटाचेच माप धरून ठेवले. मॉली ओर्शान्स्की या सरकारी खात्यातील बाईंनी १९६३ च्या सुमारास एक सोपा हिशेब मांडला. १९५५ च्या पाहणीत कुटुंबे उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर खर्च करीत होती. म्हणून काटकसरीच्या आहाराच्या खर्चाला तीनने गुणावे. चौघांच्या कुटुंबाला वर्षाला सुमारे ३१०० डॉलर, ही रेषा झाली. पुढे फक्त महागाईप्रमाणे तो आकडा वाढवीत नेला. पण आता तेथील कुटुंबांचा अन्नाचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून पुष्कळ कमी झाला आहे. घरभाडे आणि दवाखाना यांनी बाकीचा पैसा खाल्ला आहे. म्हणून ती रेषा अपुरी पडते, अशी टीका तेथे सतत होते.

आपल्याकडेही वारे त्याच दिशेने वाहत आहे. २०२२-२३ च्या घरखर्चाच्या पाहणीत देशातील खेड्यांतही अन्नाचा वाटा निम्म्याच्या खाली, सुमारे ४६ टक्क्यांवर आला. याचा अर्थ भाकरीचा प्रश्न सर्वत्र सुटला असा नव्हे. पण गरिबी केवळ भाकरीत मावत नाही, एवढे निश्चित.

येथे कोणी म्हणेल, की अमरावतीच्या मातीत या विचाराला उत्तर दिलेले आहे. गाडगे महाराज याच जिल्ह्यातले. कर्ज काढून लग्नाच्या जेवणावळी घालू नका, नवससायास करू नका, मुलांना शिकवा, हे त्यांनी आयुष्यभर खराटा हाती घेऊन सांगितले. मग चारचौघांसारखे वागण्याला गरज कसे म्हणावे? माझ्या मते यात विरोध नाही. बाबांनी उधळपट्टीला झोडपले, पण मुलाची पाटी-पुस्तके त्यांनी कधी उधळपट्टीत मोजली नाहीत. आज कॉलेजात जाणाऱ्या मुलाजवळ बसचा पास नसेल, अर्ज भरण्यापुरता मोबाइल नसेल, तर तो शिक्षणाच्या दारातूनच परत फिरतो. समाजात वावरण्याची गरज म्हणजे दिखावा नव्हे. ज्या वस्तूवाचून पुढचे दार बंद होते ती गरज, असे म्हटले म्हणजे टाउनसेंड आणि गाडगेबाबा यांच्यात फार अंतर उरत नाही.

आणखी एक गंमत पाहा. ज्या दांडेकरांनी १९७१ साली उष्मांकांची रेषा आखली, त्यांच्याच अध्यक्षतेखाली महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाविषयी सत्यशोधन समिती बसली आणि १९८४ साली तिचा अहवाल आला. या समितीने कोणते माप घेतले? राज्याची सरासरी! सिंचन, रस्ते, शाळा, दवाखाने अशा प्रत्येक बाबतीत राज्याच्या सरासरीच्या खाली जो जिल्हा जितका, तितका त्याचा अनुशेष. एकूण अनुशेष सुमारे ३१८७ कोटी रुपयांचा निघाला आणि त्यातला सुमारे ३९ टक्के विदर्भाचा होता. म्हणजे माणूस मोजताना त्यांनी पोटाचे माप घेतले आणि प्रदेश मोजताना शेजाऱ्याशी तुलना करणारे माप घेतले. यात विसंगती नाही. प्रश्न बदलला की माप बदलावे लागते, हेच त्यातून शिकायचे. त्यातल्या सिंचनाच्या अनुशेषापैकी जो भाग सर्वांत शेवटपर्यंत शिल्लक राहिला, तो अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा याच चार जिल्ह्यांचा होता, हे वेगळे सांगावयास नको.

उणिवांचे माप

तिसरे माप अलीकडचे. त्यात पैसा मुळीच मोजत नाहीत, उणिवा मोजतात. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान असे तीन भाग असून एकूण बारा प्रश्न आहेत. पोषण, बालमृत्यू, बाळंतपणापूर्वीची देखभाल, शाळेची वर्षे, मुलांची हजेरी, स्वयंपाकाचे इंधन, संडास, पिण्याचे पाणी, वीज, घर, घरातील वस्तू आणि बँकेतले खाते. यांतील एकतृतीयांश भाराइतक्या उणिवा ज्या घरात, ते घर गरीब. या मापाने महाराष्ट्रातील गरिबांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १४.८० टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्क्यांवर आले. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. वीज आली, संडास झाले, गॅसच्या शेगड्या पोचल्या.

परंतु या मापालाही आपल्या भागात एक अडचण येते. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील शेकडो गावे खारपाणपट्ट्यात आहेत. तेथे जमिनीखालचे पाणी खारट. विहीर खणली तरी ओलीत करता येत नाही, आणि ते पाणी प्यायचे तर मूत्रपिंडाच्या विकारांचे भय. पाहणीतला प्रश्न साधारण असा असतो, की पाणी सुरक्षित प्रकारच्या स्रोताचे आहे काय, आणि ते जाऊन-येऊन अर्ध्या तासाच्या आत मिळते काय. हातपंप असला की उत्तर 'होय' होऊ शकते. पंपातून काय येते, हे त्या रकान्यात लिहिले जात नाही.

तीन घरे

आता ही सर्व मापे घेऊन आपल्याच भागातील तीन घरी जाऊ. घरे कल्पनेतली आहेत, पण अशी घरे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत.

पहिले घर दर्यापूर तालुक्यातील कास्तकाराचे. सात एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी आणि तूर. पक्के घर, वीज, गॅस, बँकेत खाते, एक जुनी मोटरसायकल, मुलगी अमरावतीस शिकते. सात एकर म्हणजे पावणेतीन हेक्टरांहून थोडे अधिक. १९९७ च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत दोन हेक्टरांहून अधिक जमीन असलेले घर आरंभीच वगळले जाई. २००८ च्या केंद्र सरकारच्या कर्जमाफीतही संपूर्ण माफी दोन हेक्टरांपर्यंतच होती. त्यावरच्यांना बाकीची रक्कम भरल्यास एकचतुर्थांशाच्या आसपास सूट. पाटाच्या पाण्याखालील चार एकर उसाचा मालक लहान शेतकरी ठरला आणि खारपाणपट्ट्यातील सात एकरांचा धनी मोठा ठरला! उणिवांच्या मापानेही हे घर गरीब नाही. आणि खर्चाच्या मापाचा एक विलक्षण परिणाम पाहा : घरधन्याने सावकाराकडून पैसे काढून आईचे ऑपरेशन नागपुरास केले, तर तो खर्च घरखर्चात मोजला जातो आणि घर रेषेच्या आणखी वर गेलेले दिसते. कर्ज मात्र कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

दुसरे घर मेळघाटातील, धारणी तालुक्यातल्या कोरकू कुटुंबाचे. पिवळे कार्ड आहे. भाकरीचे, खर्चाचे, उणिवांचे, कोणतेही माप लावले तरी हे घर गरीबच. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला, तेव्हापासून मेळघाट हे नाव कुपोषणाशी जोडले गेले आहे. पण येथे अडचण सरासरीची आहे. धारणी आणि चिखलदरा हे तालुके ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागा आणि अमरावती शहर. जिल्ह्याचा एकच आकडा काढला, की डोंगर आणि मैदान सारखे दिसू लागतात. शिवाय सुगीनंतर ही कुटुंबे कामासाठी मैदानात उतरतात. पाहणी करणारा जातो तेव्हा दाराला कुलूप असते, आणि कुलूप लावलेल्या घराची गरिबी कोणी मोजत नाही.

तिसरे घर अकोल्याच्या झोपडपट्टीतले. बाई विधवा, डाळमिलमध्ये धान्य निवडण्याचे काम. मुलगा हमालीस जातो. धाकटी दोन मुले शाळेत. समजा, दोघांचे मिळून महिन्याला सहा हजार येतात. वर्षाचे झाले ७२ हजार. अन्नसुरक्षा कायद्याखाली धान्य मिळण्यास राज्याने शहरासाठी घातलेली मर्यादा ५९ हजारांची. बाई मर्यादेच्या वर! २०११-१२ ची शहरी रेषा घेतली, तर चौघांना महिना ४५०४ रुपये, त्याच्याही वर. पण याच शहरातील मधल्या माणसाशी तिची तुलना केली, म्हणजे युरोपचे माप लावले, तर ती गरिबांत बसेल. तिच्या घरात भाकरी आहे. घरमालकाने उद्या खोली सोडावयास सांगितले तर दुसरी नाही, आणि मुलगा महिनाभर आजारी पडला तर भाकरीही नाही.

तीन घरे, तीन तऱ्हेची दारिद्र्ये. एकाला पैसा कमी नाही पण खात्री नाही. दुसऱ्याला जवळजवळ सर्वच कमी. तिसरीला आज पुरते, उद्याचे माहीत नाही. कोणते एक माप या तिघांना ओळखील?

मोजणीने काय बिघडते, काय सुधारते

चुकीच्या मापाचा आणखी एक धोका अमर्त्य सेन यांनी १९७६ साली दाखवून दिला. रेषेखालची नुसती डोकी मोजली, तर रेषेच्या किंचित खालचा आणि तळाशी पडलेला हे दोघे सारखेच मोजले जातात. मग कोणत्याही सरकारला मोह होतो, की रेषेच्या लगतच्या माणसाला थोडा हात द्यावा. तो वर आला की आकडा घटतो. तळाच्या माणसावर दसपट खर्च करूनही तो रेषेच्या खालीच राहतो, आकडा हलत नाही. म्हणून किती गरीब एवढेच विचारू नये. किती खोल, हेही विचारावे.

याउलट, सरकारने आपलेच माप अपुरे असल्याचे मान्य केल्याची उदाहरणेही आहेत. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. अमरावती आणि अकोला त्यांत होते. २०१५ साली राज्याने विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांनाही कंट्रोलच्या दुकानातून स्वस्त धान्य देण्यास सुरुवात केली. २०२३ साली त्याऐवजी डोईमागे महिना १५० रुपये रोख देण्याचे ठरले. केशरी कार्ड म्हणजे रेषेच्या वरचा माणूस. रेषेच्या वर असूनही तो अडचणीत आहे, हे सरकारने स्वतःच कबूल केले. आपले पहिले घर येथे सापडले, पण केव्हा? शेकडो घरांत दिवा विझल्यावर.

मोजल्यावाचून गरीब ओळखण्याचाही एक मार्ग आहे आणि तो महाराष्ट्रानेच देशाला दाखवला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना निघाली, १९७२ च्या दुष्काळात ती विस्तारली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिचे तत्त्व सरळ होते : जो अंगमेहनतीचे काम मागावयास येतो त्याला काम द्यावे. कार्ड नको, रेषा नको. भर उन्हात खडी फोडावयास कोणी हौसेने येत नाही, तेव्हा जो आला त्याला गरज आहेच. २००५ सालच्या केंद्रीय कायद्याला या अनुभवाचा आधार मिळाला. अर्थात म्हातारा, अपंग, आजारी माणूस या मार्गाने सापडत नाही; त्याच्यासाठी वेगळी सोय हवीच. पण आपण शहरवासीयांनी लक्षात ठेवावे अशी गोष्ट पुढेच आहे. या योजनेच्या खर्चासाठी नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवला गेला. पगारपत्रकात दरमहा कापला जाणारा तो लहानसा आकडा म्हणजे शहराने खेड्याशी केलेला करार होता.

तेव्हा यापुढे वर्तमानपत्रात दारिद्र्याचा आकडा वाचाल, तेव्हा त्याच्यावर एकदम विश्वास ठेवू नका आणि एकदम खोटाही म्हणू नका. चार प्रश्न विचारा. हा आकडा कोणत्या मापाने काढला? तो कोणत्या वर्षाचा आहे? कारण अन्नसुरक्षेची संख्या अजून २०११ च्या खानेसुमारीवर बेतलेली आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे सात कोटी नावे आली, आणि त्यानंतर गरीब झालेल्याला कोणी तरी गळाल्यावाचून जागा मिळणे कठीण. तिसरा प्रश्न : सरासरी कोणाची? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा : या मापाच्या बाहेर कोण राहिले?

माप हवेच. मापावाचून कारभार चालत नाही, आणि ज्याची मोजणी नाही त्याची दखल नाही, हे दादाभाईंनी दीडशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. पण माप हे माणसासाठी आहे. बाजार समितीत काटा चुकतो अशी शंका आली, तर आपला कास्तकार गाडी तशीच उभी ठेवून वजन पुन्हा करावयास लावतो. आपल्या शेजाऱ्याचे दारिद्र्य तोलणाऱ्या काट्याविषयी आपण निदान तेवढी तरी खबरदारी घ्यावयास हवी.